शत्रूचं विमान पहिल्यांदा उडवताना शिकवतं कोण?

होटगी नाका
नमस्कार मंडळी. सुट्टीत मुलाला घेऊन दिल्लीला गेलो होतो. पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, तिथे एक जपानी ओका ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धातलं आत्मघाती विमान. नाकात बाराशे किलोचा बाँब, मागे रॉकेट, मध्ये एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा. मुलगा चवथीत आहे. त्याने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "बाबा, याला चाकंच नाहीत?" नाहीत हे सांगताना माझाच घसा दाटला.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, तोच इथे टाकतोय. युद्ध संपल्यावर शत्रूची विमानं हाती लागतात, ती आपले वैमानिक उडवून बघतात. पण पुस्तक नाही, बटणांवरची भाषा कळत नाही, तर त्यांना शिकवतं कोण? सोलापूरला परत येईपर्यंत गाडीत हाच विषय. मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी लिहावं.

शेंगाचटणी
पोरगं हुशार आहे मालक. जागा धरून ठेवतो.

माळढोक
छान विषय काढलात. माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण युद्ध चालू असतानाचं आहे, तरी तिथूनच सुरुवात करायला हवी. ४ जून १९४२ला जपानी नौदलाचा तादायोशी कोगा हा तरुण वैमानिक झीरो हे लढाऊ विमान घेऊन अलास्काजवळच्या डच हार्बरवर हल्ल्याला गेला. जमिनीवरून गोळी लागली, तेलाची नळी फुटली. अशा वेळी उतरायचं म्हणून अकुटान नावाचं ओसाड बेट आधीच ठरलेलं होतं. वरून हिरवंगार सपाट गवत दिसलं, त्याने चाकं खाली सोडून विमान टेकवलं. गवताखाली दलदल होती. चाकं रुतली, विमान उलटं झालं, कोगा जागीच गेला.

वर घिरट्या घालणाऱ्या सोबत्यांना हुकूम होता की असं विमान शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही, गोळ्या घालून जाळून टाकायचं. पण कोगा आत जिवंत असेल तर? त्यांचे हात उचलले नाहीत. ते परत गेले.

महिन्याभराने एका अमेरिकन गस्ती विमानाच्या नजरेला ते पडलं. सान दिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि २० सप्टेंबरला एडी सँडर्स या नौदलाच्या वैमानिकाने ते हवेत नेलं. १५ ऑक्टोबरपर्यंत २४ उड्डाणं. तोवर झीरोपुढे टिकाव लागत नाही असा धसका होता. सँडर्सला पहिल्याच काही उड्डाणांत कळलं की २०० नॉटच्या (ताशी साधारण ३७० किलोमीटरच्या) वर गेलं की याचे एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, दगडासारखे जड होतात, गिरकी घेता घेत नाही. डावीकडे तरी बरं वळतं, उजवीकडे फारच नाखुशीने. आणि नाक झटकन खाली दाबलं की कार्बोरेटरचं इंधन तुटतं, इंजिन आचके देतं. म्हणजे झीरो पाठीला लागलं तर काय करायचं? सूर मारायचा, वेग वाढवायचा आणि उजवीकडे वळायचं.

एका मित्राची माया आड आली म्हणून हे सगळं कळलं. ही गोष्ट वाचताना मला दरवेळी त्या वर घिरट्या घालणाऱ्यांचंच वाईट वाटतं.

पार्क चौक
भारी लिहिलंत. याच विमानावरून अमेरिकेने हेलकॅट हे लढाऊ विमान बनवलं ना? तसं ऐकलंय.

माळढोक
@पार्क चौक, ही समजूत फार पसरलेली आहे, पण तारखा जुळत नाहीत. हेलकॅटचा पहिला नमुना २६ जून १९४२ला उडाला. तेव्हा कोगाचं विमान दलदलीतच पडलेलं होतं, कुणाला सापडलंही नव्हतं. या झीरोचा उपयोग झाला तो लढायचं कसं हे शिकवायला.

आणि त्या झीरोचा शेवट? फेब्रुवारी १९४५मध्ये सान दिएगोच्या तळावरच एक अमेरिकन हेलडायव्हर बाँबर जमिनीवरून चालताना त्याच्यावर चढलं आणि पंख्याने त्याचे तुकडे केले. काही उपकरणं तेवढी उरली.

जुना फिटर
मी हवाई दलात मिग-२१वर इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात असतो. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

परक्या विमानात बसलं की पहिली अडचण काट्यांची. ब्रिटिश विमानांत वेग नॉटमध्ये, उंची फुटात. आमच्या मिगमध्ये वेग किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. ब्रिटिश हंटरवरून मिगवर आलेल्या वैमानिकाला सुरुवातीला डोक्यात सतत हिशेब करावा लागायचा. ही तर आपण पैसे मोजून आणलेली विमानं, शिकवायला रशियन माणूस हजर. जर्मन विमान उचलून उडवणाऱ्या इंग्रजाचं काय होत असेल विचार करा.

काही फ्रेंच विमानांत तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, उलटा होता. आपण जोर वाढवायला पुढे ढकलतो, त्यांचा मागे ओढायचा. फ्रान्स पडल्यावर त्यांच्यासाठी बनलेली अमेरिकन कर्टिस हॉक विमानं ब्रिटिशांकडे आली, त्यांना मोहॉक नाव दिलं, तर आधी हे थ्रॉटल फिरवून घ्यावे लागले. हीच मोहॉक पुढे आसाम-बर्माच्या बाजूला लढली. हाताची सवय डोक्यापेक्षा जोरात चालते. घाईत हात जुन्या दिशेलाच जाणार आणि उतरताना जोर हवा तिथे इंजिन बंद व्हायचं.

आता पांढऱ्या पट्टीचं सांगतो. मिगच्या समोरच्या पॅनेलवर मधोमध वरून खाली पांढरी उभी पट्टी रंगवलेली असते. नवीन पोरं विचारायची, ही कशाला? विमान भोवऱ्यासारखं फिरायला लागलं की वैमानिकाला डावं-उजवं कळेनासं होतं. तेव्हा विमान वळवायची काठी सरळ त्या पट्टीच्या रेषेत आणून धरायची. तरी सावरलं नाही तर उडी मारायची. ती पट्टी पुसट झाली की रंगवायचं काम आमच्याकडे. मी स्वतः रंगवलीय. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावायची, बारीक ब्रशने दोन हात द्यायचे आणि सुकायच्या आत चिकटपट्टी सोलायची, नाहीतर कड फाटते.

ही पट्टी मिग-१५पासून आहे. २१ सप्टेंबर १९५३ला, म्हणजे कोरियातली लढाई थांबून दोन महिने होत आले असताना, नो कुम-सोक हा उत्तर कोरियाचा वैमानिक मिग-१५ घेऊन थेट दक्षिणेच्या किंपो तळावर उतरला. अमेरिकनांनी ते विमान ओकिनावाला नेलं, तिथे टॉम कॉलिन्स आणि चक येगर यांनी उडवलं. नो तिथेच होता. अशा भोवऱ्यासारख्या गिरकीत सापडलात तर सावरणं अवघड, हे त्यानेच त्यांना बजावलं. ते विमान आता अमेरिकेत डेटनच्या संग्रहालयात आहे.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला आपलं मिग-२१ शेवटचं उडालं, टीव्हीवर बघितलं. घरात कुणाशी बोललो नाही त्या दिवशी.

शेंगाचटणी
काका, सलाम. 🙏

जॉबर अण्णा
फिटर काका, तुमचं वाचून राहवलं नाही. मी विमानाच्या जवळ कधी गेलेलो नाही, पण बिनपुस्तकाचं परकं यंत्र चालू करायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा. काही वर्षांमागे मालकांनी परदेशातले वापरलेले रॅपिअर माग घेतले, त्यात धोट्याऐवजी रॅपिअर नावाची पट्टी सूत ओढून नेते. कंटेनर उघडला तर सगळ्या बटणांवर इटालियन. विकणाऱ्याने पुस्तक देतो म्हटलेलं, शेवटपर्यंत दिलं नाही. मी काय केलं, पहिले दोन दिवस वीजच जोडली नाही. हाताने चाक फिरवत राहिलो. एकेक फेरा. रॅपिअर कुठे आत शिरतो, सूत कुठे पकडतो, फणी कधी पुढे येते, कान लावून बघायचं. प्रत्येक मागाचा एक आवाज असतो. मग बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि बॉलपेनने लिहिलं, "चालू", "थांब", "हळू पुढे", "मागे". एका बटणावर काहीच लिहिलं नाही, नुसती फुली मारली, कारण ते काय करतं ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अगदी कमी वेगात चालवला. पूर्ण वेगावर न्यायला तीन आठवडे लागले. मालक रोज विचारायचे, अजून का नाही? मी म्हणायचो, याची ओळख होऊ द्या की ओ.

माळढोक
अण्णा, "ओळख होऊ द्या" हेच तर टेस्ट पायलटचं काम! जर्मन मेसरश्मिट २६२ हे पहिलं लढाऊ जेट. त्याचा थ्रॉटल झटक्यात पुढे नेला की इंजिन विझायचं किंवा पेटायचं. अगदी हळूहळू, काट्याकडे बघत सरकवावा लागे. त्यातून निकेल-क्रोमचा तुटवडा असल्याने त्याच्या युमो इंजिनात उष्णता सोसणारा चांगला धातू नव्हता. २५ तासांचं आयुष्य ठरवलेलं, प्रत्यक्षात बऱ्याचदा दहाएक तासांतच काम आटपायचं. परक्या देशात, सुटे भाग नसताना, असं इंजिन घेऊन वर जायचं.

ब्लीचिंग विभाग
जॉबर अण्णांच्या पुढचं खातं माझं. टॉवेल मागावरून उतरला की पिवळट असतो, तो आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करतो. निळ्या कॅनमध्ये ५० टक्के तीव्रतेचं येतं. हातमोज्याला भोक असलं आणि थेंब बोटावर पडला तर कातडी खडूसारखी पांढरी होते आणि तासभर सुया टोचल्यासारखं होतं. कॅनच्या झाकणाला वायू जायला बारीक वाट ठेवलेली असते, कारण आत कचरा किंवा गंज गेला की ते तापतं आणि फुगतं. नवीन पोराला पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवतो की कॅनमधून काढलेलं परत कॅनमध्ये ओतायचं नाही.

हे सांगायचं कारण, मेसरश्मिट १६३ कोमेट या रॉकेट विमानात हेच पेरॉक्साइड ८० टक्के तीव्रतेचं भरायचे. वैमानिकाच्या आजूबाजूलाच टाक्या. दुसरं इंधन हायड्राझिन आणि मिथेनॉलचं. दोन्ही एकमेकांना भेटले की पेटायला ठिणगीही लागत नाही. उड्डाणाला चाकांची गाडी, ती वर गेल्यावर टाकून द्यायची, उतरायचं ते पोटाखालच्या घसरपट्टीवर. जोराने आपटलं आणि टाकीत थोडं उरलं असलं तर संपलं. रॉकेट चालायचं जेमतेम सात-आठ मिनिटं, तेवढ्यात विमान बारा किलोमीटर वर.

८० टक्के म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याचं रॉकेट पेटवायला मनाई केली होती, ती योग्यच होती. तरीही एरिक ब्राउन नावाच्या वैमानिकाने १० जून १९४५ला जर्मनीत हूसुमला ते उडवलंच. त्याला धाडस म्हणायचं की काय हे माझं अजून ठरत नाही.

पार्क चौक
एरिक ब्राउन म्हणजे तोच ना, ४८७ प्रकारची विमानं उडवणारा? आम्ही आयुष्यात चार प्रकारच्या दुचाक्या चालवल्या तरी गावभर सांगतो.

माळढोक
तोच. विमानवाहू जहाजावर २,४०७ वेळा उतरला. ९७ वर्षं जगला, २०१६ला गेला. माझ्या मते धाडसापेक्षा त्याची तयारी मोठी. त्याला जर्मन उत्तम यायचं. पकडलेल्या वैमानिकांशी आणि मेकॅनिकांशी तो त्यांच्या भाषेत बोलायचा.

सातरस्ता
मला थोडं वेगळं म्हणायचंय, कुणी राग मानू नये.

आपण या यंत्रांचं कौतुक करतोय, पण ती बनवली कोणी? मेसरश्मिट २६२ची धडं ऑस्ट्रियात गूसनला जमिनीखालच्या बोगद्यात छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतली. हाइंकेल १६२ हे जेटसुद्धा कैद्यांच्या हातून. कितीजण तिथेच मेले. मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांना विमानाचा वेग पाठ असतो, त्या माणसांचं काहीच माहीत नसतं. होटगी नाका, तुमच्या मुलाला चाकं नसल्याचं दिसलं, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

माळढोक
ताई, राग कसला. तुमचं बरोबर आहे आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. याच एरिक ब्राउनला एप्रिल १९४५मध्ये बर्गन-बेल्सन छावणी मुक्त झाल्यावर तिथे नेलं होतं, छावणीच्या प्रमुखाची चौकशी करताना दुभाषा हवा म्हणून. तिथलं दृश्य त्याला आयुष्यभर विसरता आलं नाही.

हाइंकेल १६२चं तुम्ही नाव काढलंत. त्याचे पंख लाकडी, सरसाने चिकटवलेले. चांगला सरस बनवणारा कारखाना बाँबहल्ल्यात गेला आणि बदली सरस लाकूडच खायचा. डिसेंबर १९४४मध्ये पहिलंच विमान दुसऱ्या उड्डाणाच्या वेळी हवेत मोडून जर्मन टेस्ट पायलट गेला. पुढे ९ नोव्हेंबर १९४५ला फार्नबरोच्या प्रदर्शनात याच जातीचं विमान उडवताना शेपटीचा भाग तुटून फ्लाइट लेफ्टनंट मार्क्स गेले. याचं रडर (शेपटीवरचं सुकाणू) जपून वापरा असं ब्राउन यांनी आधीच बजावलं होतं.

युद्ध संपलेलं होतं हो. घरी जायचे दिवस.

शेंगाचटणी
वातावरण जड झालंय म्हणून एक खरी गंमत सांगतो. जून १९४२मध्ये आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक इंग्लंडवरच्या चकमकीनंतर दिशा चुकला. ब्रिस्टलच्या खाडीला इंग्लिश खाडी समजला, फ्रान्सला आलो म्हणून खुशीत गिरक्या मारल्या आणि उतरला तो वेल्समधल्या ब्रिटिश तळावर. कोरं करकरीत फोके-वुल्फ १९०! तळावरचा माणूस सिग्नलचं पिस्तूल घेऊन धावला आणि पंखावर चढला. अक्कलकोटला निघालेला माणूस झोपेत विजापूरला उतरावा तसं.

बाळीवेस
😂 विजापूर तरी बरं, तिथे गोलघुमट बघून परत येता येतं.

विमानं म्हटल्यावर आपल्या होटगी रोडची आठवण झाली. विमानतळाच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा आम्ही गच्चीवरून बघत होतो. जून २०२३.

होटगी नाका
चिमणीचा विषय नको मंडळी, त्यावर आधीच तीन धागे झालेत. कामगारांची बाजू आणि विमानतळाची बाजू, दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत.

बाळीवेस
बरोबर. परत विषयावर येतो. आपल्याकडचं काही उदाहरण आहे का?

जुना फिटर
आहे. १९६५च्या सप्टेंबरात आपलं एक नॅट हे छोटं लढाऊ विमान पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं, वैमानिक युद्धकैदी झाला. त्यांच्या वैमानिकाने ते पुढे सरगोध्याला उडवत नेलं. आज कराचीच्या संग्रहालयात आहे. आपलं विमान तिथे उभं आहे हे बोचतं, पण त्यांनीही ते जपलंय.

१९७१ला ढाक्याच्या तेजगाव तळावर उलटा प्रकार. धावपट्टी आपल्या मिगांनी फोडल्यावर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं जमिनीवरच अडकली. शरणागतीच्या आधी त्यांनीच ती निकामी केली, तरी त्यांतली काही बांगलादेशच्या नव्या हवाई दलाने दुरुस्त करून उडवली.

पण आम्हा फिटर लोकांना खरा अभिमान लिबरेटर या बाँबर विमानांचा. शत्रूची नव्हेत, सोडून दिलेली. महायुद्धानंतर कानपूरला चार इंजिनांची बाँबर विमानं रांगेने टाकून दिलेली. कुणी परत वापरू नयेत म्हणून कुदळीने फोडली होती, इंजिनात वाळू घातली होती. १९४८ला हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक असं जोडून जेमतेम उडण्याजोगी केली आणि जमशेद मुन्शी या टेस्ट पायलटने ती एकेक करून बेंगळुरूला नेली. तिथे नीट दुरुस्ती झाली. अशी ४०च्या वर विमानं उभी राहिली आणि १९६८पर्यंत आपल्या दलात होती. वाळू घातलेल्या इंजिनावर भरवसा ठेवून मुन्शींनी तो थ्रॉटल पुढे केला, तेव्हा तो भरवसा खालच्या मेकॅनिकवर होता.

ब्लीचिंग विभाग
काका, हे माहीतच नव्हतं. शाळेच्या पुस्तकात हवं होतं हे.

सातरस्ता
मी उद्याच वर्गात सांगणार.

माळढोक
आता मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर चवथीतला मुलगा म्हणेल, एवढे काका बोलले आणि उत्तर कुणीच दिलं नाही.

बाळा, शिकवतं कोण, तर बऱ्याचदा शत्रूच.

१९४५ला अमेरिकेचे कर्नल हॅरल्ड वॉटसन जेट विमानं गोळा करायला जर्मनीत लेखफेल्डला गेले, तेव्हा मेसरश्मिट कंपनीचाच टेस्ट पायलट कार्ल बाउर तिथे होता. त्यानेच अमेरिकनांना दोन आसनी २६२मध्ये शेजारी नव्हे, पुढे-मागे बसवून शिकवलं. जर्मन मेकॅनिकांनी इंजिनं तयार केली. महिन्यापूर्वी हेच लोक एकमेकांवर बाँब टाकत होते. विमानं फ्रान्समध्ये शेरबूरला नेताना त्यातलं एक जर्मन वैमानिक लुडविग हॉफमनकडे दिलं. वाटेत इंजिन बिघडलं आणि त्याला उडी मारावी लागली. म्हणजे जेत्यांच्या कामासाठी हरलेल्याने जीव धोक्यात घातला. जुलैमध्ये रीपर या जहाजावरून ४०च्या आसपास विमानं अमेरिकेला गेली.

मलायात तेब्राउला १९४६मध्ये तर ब्रिटिशांच्या देखरेखीखाली जपानी वैमानिकच जपानी विमानं उडवून दाखवत होते. कोरियाच्या नोचं फिटर काकांनी सांगितलंच.

पार्क चौक
पण शिकवताना एखादी गोष्ट मुद्दाम लपवली तर? मी असतो तर परक्या मेकॅनिकने घट्ट केलेल्या नटावर भरवसा ठेवला नसता.

जॉबर अण्णा
@पार्क चौक, मला नाही वाटत कारागीर असं करेल. आमच्याकडे एक बंद पडलेली गिरणी लिलावात गेली. तिथला म्हातारा जॉबर तिला तीस वर्षं सांभाळत होता, पगार थकलेला, मनात कडवटपणा भरपूर. नवा मालक माग न्यायला आला तर हा रोज सकाळी स्वतःहून यायचा आणि त्यांच्या पोरांना सांगायचा, "हिचा डावा स्प्रिंग सैल आहे, आधी तो बघ. ही पावसाळ्यात सूत तोडते." मी विचारलं, अण्णा, तुम्हाला काय मिळतंय? म्हणाला, "माग कुणाचा का असेना, मोडलेला बघवत नाही."

जुना फिटर
हे अगदी खरं. हातातलं यंत्र नीट चालावं एवढंच असतं मनात.

होटगी नाका
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलाला सगळं वाचून दाखवलं. कोगाच्या मित्रांपाशी तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "त्यांना नंतर शिक्षा झाली का?" त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

आज सकाळी बघतो तर सायकलच्या हँडलच्या मधोमध पांढरी चिकटपट्टी उभी लावलेली. फिटर काकांना सांगा म्हणाला.

जॉबर अण्णा, रविवारी त्याला तुमच्याकडे माग बघायला आणलं तर चालेल का?

जुना फिटर
त्याला सांगा, पट्टी छान. फक्त दर महिन्याला बदलायची, धुळीने कड उचलते.

जॉबर अण्णा
या की मालक. सकाळी दहाच्या आत या, नंतर उकडतं. दोन माग चालू ठेवतो. पोराला अंगाबरोबरचा शर्ट घाला, गळ्यात काही नको, आणि कानात घालायला कापूस आणा. फुली मारलेलं बटण अजून तसंच आहे, तेही दाखवतो.